तळीचा पाचवा

बाबांच्या दहाव्याला कायगावच्या घाटावर दीडेकशे माणसं होती. पिंडाचं आटोपलं, महाराजांचं प्रवचन झालं आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीसाठी माइक फिरू लागला. ही रीत मला कधीच आवडली नाही. जिवंतपणी ज्यांनी कधी पाणी विचारलं नाही, तेही मेल्यावर पाच-पाच मिनिटं बोलतात. मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होते. आई चार वर्षांपूर्वी गेली, आणि बाबांचं मी एकटंच अपत्य. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघून बोलत होते.

शेवटी गुरुजींनी विचारलं, "अजून कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर..."

"मला बोलायचंय," मागून आवाज आला.

बन्सीकाका होते. गावाकडं आमची आणि त्यांची घरं एका भिंतीची, दोन्ही घरांत मेंढरं, भाऊकी एकच. पण चोपन्न वर्षांत त्या घरातलं कुणी आमच्या उंबऱ्यावर आलं नव्हतं. त्यांनी माइक हातात घेतला, त्यावर दोनदा टिचकी मारली.

"राम राम मंडळी. मी बन्सी. एकाहत्तरच्या लढाईत शहीद झालेल्या कडूबाचा धाकला भाऊ. मघापासून ऐकतोय, रामेश्वर देशाचा जवान, रामेश्वर असा, रामेश्वर तसा. मेल्या मानसाला नावं ठिवू नये म्हनत्यात. पर ह्या मानसानं माझा भाऊ मारला. नऊ जण मारले. लढाईत दिवा लावायचा नाय असा हुकूम व्हता, तवा ह्यानं दिवटी पेटवली. त्या उजेडावर इमानं आली. आता तेच नाव माझ्या भावाच्या नावाखाली दगडावर घालायला निघालेत. मी जित्ता हाय तोवर व्हऊ देनार नाय. एवढंच."

कुणीतरी माइकची वायर काढली. एक जण पुटपुटला, "म्हातारं पिसाळलंय." 

दगडाची गोष्ट अशी. गारखेड्यात आमच्या कॉलनीजवळच्या बागेत माजी सैनिकांची एक संघटना स्मारक उभारत होती. एकाहत्तर साली पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा नौदल तळावर शत्रूची विमानं अचानक आली, डिझेलच्या टाक्या पेटल्या आणि नऊ जण गेले. आपल्या जिल्ह्यातले दोघं तिथं होते. कडूबाकाका मेले, बाबा वाचले. दगडावर नऊ मृतांची नावं आणि खाली बाबांचं, असं संघटनेनं ठरवलं होतं. बाबांनी ते जिवंतपणी कधी होऊ दिलं नाही. माणसं आली की चहा पाजायचे आणि म्हणायचे, "मी असेपर्यंत नको." आता ते नव्हते. चार डिसेंबरला, नौदल दिनाला, अनावरण होतं.

मला ते नाव हवं होतं, हे मी लपवत नाही. लहानपणी गावातल्या प्रत्येक लग्नात मी "दिवटीवाल्याची पोरगी" म्हणून जेवले आहे. पंगतीत माझ्या शेजारचं ताट रिकामं राहायचं. बायका माझ्या आईच्या हातून हळद-कुंकू घ्यायच्या नाहीत. सुट्टीवर आलेले बाबा खाली मान घालून घरात बसायचे. पुढे आम्ही शहरात आलो, मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, लोक विसरले. मी विसरले नाही. दगडावर कोरलेलं नाव म्हणजे निकाल, आणि तो बाबांच्या बाजूनं लागावा एवढंच मला हवं होतं.

दहाव्याहून परत आल्यावर मी बाबांची ट्रंक उपसली. बन्सीकाकांच्या तोंडावर फेकता येईल असा कागद मी शोधत होते. सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद, आईचे फोटो यांच्या तळाशी एक दोनशे पानी वही निघाली. एकच पान दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, बाकी वही कोरी. अक्षर थरथरतं, म्हणजे अलीकडचं.

पहिल्या बाजूवर दिवटीची हकीकत होती, मला हवी होती तशीच. उलटून मागची बाजू वाचली. तीनदा वाचली. मग ठरवलं की बन्सीकाकांना फक्त पहिली बाजू दाखवायची.

त्यांचं गुलमंडीत घोंगड्यांचं दुकान आहे. मी गेले तेव्हा एक गिऱ्हाईक घोंगडी हातानं चाचपत होतं.

"काका, धुतल्यावर आटती का ही?"

"तू आटशील, घोंगडी नाय आटायची. पंढरी मेंढीची लोकर हाय."

गिऱ्हाईक हसलं. काकांनी मान वर केली, मला पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

"कशाला आलीस गं?"

"बोलायचंय, काका."

"घाटावर बोललो की समदं. माइकवर बोललो, चोरून नाय."

गल्ल्यावर त्यांची सून सोनिया बसली होती. तिनं मला बसायला सांगितलं नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी घोंगड्यांच्या थप्पीजवळ उभी राहिले. मग वही काढली.

"बाबांनी लिहून ठेवलंय. दिवटी त्यांनी पेटवली नव्हती."

"आसं? मग कुनी पेटवली? माझ्या आज्यानं?"

"कडूबाकाकांनी."

काका थप्पीवरून उतरले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण अंग अजून काठीसारखं.

"मेलेल्यावर ढकलतीस? लाज वाटत नाय? माझा बाप सोता तिथं गेला व्हता, हाडं आनायला. जळकी दिवटी हातात धरून इचारलं त्यानं, ही कुनी पेटवली? तुझा बाप म्हनला, मी. सोताच्या तोंडानं म्हनला!"

"म्हणाले. तेच लिहिलंय. वाचा तुम्ही."

"मला चष्म्याबिगर दिसत नाय. सोने, वाच."

मी वही द्यायला नको होती. पण न देऊन चाललं नसतं. मी पान उघडलं, पुढची बाजू तिच्यासमोर धरली आणि कोपरा बोटानं दाबून ठेवला. सोनिया मोठ्यानं वाचू लागली.

"दिवटी मी पेटवली नाही. ती कडूबाची. त्याच्या आईनं बरोबर दिली होती. रविवार होता, खंडोबाचा वार. आम्ही आपल्याकडचे चार-पाच जण स्टोअरच्या खोलीत तळी उचलायचो. ताटात भंडारा, खोबरं, पान-सुपारी. ताट सगळ्यांनी धरून तीनदा वर करायचं आणि येळकोट करायचा. कडूबानं दिवटी लावली. बाहेर ऊन होतं. ती ज्योत दाराबाहेर दिसत नव्हती, विमानाला काय दिसणार. विमानं टाक्यांवर आली होती. कडूबाचे वडील आले, दिवटी हातात घेऊन विचारलं, कुणी पेटवली. म्हाताऱ्याचे डोळे मला बघवेनात. मी म्हटलं, मी."

सोनिया थांबली.

"उजेड दिसत नव्हता म्हनं," काका म्हणाले. पण आवाज घाटावरचा नव्हता.

"बाबांनी तुमच्या घरासाठी ते अंगावर घेतलं," मी म्हणाले. "चोपन्न वर्षं." हे म्हणताना मला बरं वाटलं. ते वाक्य मी रिक्षात बसून तयार केलं होतं.

"मागं पण लिहिलंय," सोनिया म्हणाली.

"ते दुसरंच आहे."

"बघू की." माझं बोट बाजूला करून तिनं पान उलटलं. मी वही ओढली, तिनं सोडली नाही. ती वाचतच राहिली, आणि दुकानासमोरून जाणाऱ्या स्कूटरच्या आवाजातही प्रत्येक शब्द ऐकू आला.

"लोकांना वाटेल दोस्ताला वाचवलं. तसं नाही. मोठी चूक झाकायला मी धाकटी पुढं केली. त्या दिवशी तीन ते सात माझी टेहळणी होती, मचाणावर. भोंगा तिथंच, हातानं फिरवायचा. साडेपाचला कडूबा मचाणाखाली आला. म्हणाला, तळीला चौघंच आहोत, चार चालत नाहीत, पाचवा ये. मी म्हटलं ड्युटी आहे. तो म्हणाला, देव मोठा की मचाण? दहा मिनिटांचं काम. मी उतरलो. तळी उचलून परत निघालो, निम्म्या वाटेवर विमानं आली. पाण्याला चिकटून, मावळतीच्या बाजूनं. वर असतो तर दिसली असती. मिनिटभर तरी आधी भोंगा वाजला असता. लपायचा चर खोलीपासून वीस पावलांवर होता. चौकशीत मी सांगितलं, मचाणावरच होतो, भोंगा गंजून अडकला होता. भोंगा जळून गेला होता. खोटं ठरवायला कुणी उरलं नव्हतं."

काका वाकले, गिऱ्हाइकानं विस्कटलेली घोंगडी उचलली, तिची घडी घातली. घडी वाकडी झाली. परत घातली.

"भोंगा वाजला असता तर माझा भाऊ चरात गेला असता."

"हो."

"म्हंजे तुझ्या बापानंच मारला."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"आनि त्याला खाली कुनी बोलावलं?"

सोनियानं वही गल्ल्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "बोटानं दाबून धरलं होतं तुम्ही ते पान. इतक्या शिकलेल्या बाई तुम्ही. आम्हाला अर्धंच दाखवून काय, पाया पडून घ्यायचं होतं?"

"सोने, शटर निम्मं वढ," काका म्हणाले.

शटर खाली आलं. अर्ध्या अंधारात ते माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा हळू बोलले. त्या हळू आवाजाची मला जास्त भीती वाटली.

"ऐक. गावात कडूबाच्या नावाची शाळेला कमान हाय. दर पंधरा ऑगस्टला पोरं हार घालत्यात. माझी आई मरताना म्हनली, माझा एक देवाघरी गेला त्यो देशासाठी. आता तू सांगनार, त्यानंच पहाऱ्यावरचा मानूस खाली आनला?"

"मी सांगायला आले नव्हते."

"म्हाईत हाय. लपवायलाच आलती. मग लपीव. मी आत्ता त्या दगडवाल्या सुदर्शनला फोन लावतो, माझी हरकत नाय म्हनून. तुझ्या बापाचं नाव घाल दगडावर, खुशाल घाल. पर ही वही चुलीत गेली पायजे."

"आणि दिवटी?"

"दिवटी तुझ्या बापानंच पेटवली. समद्या मुलखाला ठावं हाय. त्यात बदल करायचं काय कारन नाय."

"म्हणजे नावही राहणार आणि बोलही राहणार."

"दोन्ही. कडूबा मातर मधी यायचा नाय. आला तर छन्नी घेऊन यीन आनि सोताच्या हातानं तुझ्या बापाचं नाव खरवडीन. जा आता. गिऱ्हाइकाची येळ हाय."

मी वही पिशवीत घातली आणि निम्म्या शटरखालून वाकून बाहेर आले. खरं सांगायचं तर गारखेड्याला पोचेपर्यंत मी तो सौदा मान्य केला होता. बोल तर आम्ही आयुष्यभर खाल्लेच होते. नाव मात्र नवीन मिळत होतं. बाबा गेले, कडूबाकाका गेले, बाकीचे आठही गेले. आता त्या वहीनं कुणाचं काय भलं होणार होतं? पुस्तकांतून सत्याबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. त्यातलं काही त्या दिवशी मला आठवलं नाही, आणि आठवावंसं वाटलंही नाही. वही मात्र मी जाळली नाही. बाबांच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन सरांचा फोन आला. ते संघटनेचे सचिव, नौदलातूनच निवृत्त झालेले, पण बाबांच्या कितीतरी नंतरचे.

"सत्यशीलाताई, काय जादू केलीत? बन्सीभाऊंचा स्वतःहून फोन आला. या लगेच. नाव तपासून सही करा, कारागीर थांबलाय."

क्रांती चौकाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची खोली आहे. दगडाचा मजकूर त्यांनी कागदावर छापून ठेवला होता. नऊ नावं, मग एक रेघ, मग बाबांचं नाव. रामेश्वर. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सही केली.

"आता एक काम तुम्हीच करा," सर म्हणाले. "नवांपैकी सहा घरं आम्हाला सापडली. पाच येताहेत. एकच घर अडून बसलंय, सोलापूरचं. तिथला मेकॅनिक गेला होता. त्याचा मुलगा विश्वजीत. फार कडू बोलतो माणूस. माझ्यावर तर फोन आपटला. तिथून वाचलेल्या माणसाची मुलगी बोलली तर ऐकेल कदाचित."

मी नंबर लावला. दोन वाक्यांत ओळख सांगितली, आमंत्रण दिलं.

"तुमचे वडील तिथं होते?" पलीकडून आवाज आला. "त्या दिवशी? त्याच तळावर?"

"हो."

"मग तुमच्या संघटनेला सांगा, माझ्या वडिलांचं नाव काढा दगडावरून. एकीकडे कोरायचं आणि दुसरीकडे कागदात निष्काळजी म्हणायचं, हा कसला मान?"

"निष्काळजी?"

"चौकशीचा अहवाल वाचला नाही कुणी? मी माहितीच्या अधिकारात मागवला, सात वर्षं भांडून. भोंग्याची देखभाल माझ्या वडिलांकडं होती. पहाऱ्यावरच्या माणसानं जबाब दिला की भोंगा गंजलेला होता, फिरलाच नाही. म्हणून शेरा मारला, मेकॅनिकचा हलगर्जीपणा. नऊ जणांच्या मृत्यूचं एक कारण म्हणून माझ्या बापाचं नाव आहे त्यात. आई तो शेरा पदरात घेऊन मेली. आणि आमच्याकडं त्यांचं आदल्या दिवशीचं पत्र आहे, आज भोंग्याला ग्रीस लावलं म्हणून लिहिलंय. ते पत्र दाखवलं तर कुणी बघत नाही. पहाऱ्यावर कोण होतं तेही अहवालात काळं करून दिलंय." तो दम घ्यायला थांबला. "तुमच्या वडिलांना माहीत असेल ना? कोण होता तो?"

समोर सुदर्शन सर मला खूण करत होते, येतो म्हणाला का? त्यांच्या हाताखाली माझ्या सहीचा कागद होता.

मला माझ्या शेजारचं रिकामं ताट नीट आठवत होतं. सोलापुरात, मला माहीत नसलेल्या कुठल्यातरी पंगतीत, ह्या माणसाच्या शेजारीही तसंच ताट राहिलं असणार. आमच्या वाट्याला आलेला बोल बाबांनी निदान स्वतः तोंडानं मागून घेतला होता. ह्यांच्या वाट्याचा त्यांनी न सांगता पाठवला.

"माझे वडील," मी म्हणाले.

"काय?"

"पहाऱ्यावर माझे वडील होते. ते मचाणावर नव्हते. दहा मिनिटं खाली उतरले होते. भोंगा चांगला होता. त्यांनी जबाब खोटा दिला."

सुदर्शन सर खुर्चीतून अर्धवट उठले.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" विश्वजीतनं फोनवरून विचारलं.

"दोन दिवस."

"आणि मघाशी आमंत्रण देताना माहीत होतं."

"हो."

"ते कधी गेले?"

"बारा दिवस झाले."

"वय किती होतं?"

"पंच्याहत्तर."

"माझे वडील तेवीस वर्षांचे होते. मी तीन महिन्यांचा." मग त्यानं बाबांना एक शिवी दिली. ती मी ऐकून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना दिलेली शिवी मला परत द्यावीशी वाटली नाही, आणि तेवढ्याचसाठी त्या क्षणी मला बाबांचा फार राग आला.

"लिहून द्या," तो म्हणाला. "रडून-बिडून दाखवू नका, मला नको आहे. सहीनिशी लिहून द्या, आणि त्यांनी काही लिहिलं असेल तर त्याची प्रत. मी नौदलाकडं जाणार आहे. तुमच्या बापाचं नाव सगळीकडं जाईल."

"देते."

"आज."

"आज."

त्यानं फोन ठेवला. सुदर्शन सरांनी सहीचा कागद उचलला, बाबांच्या नावाकडे पाहिलं आणि कागद पालथा ठेवला.

"ताई, हे काय करून बसलात तुम्ही? अनावरण आठ दिवसांवर आलंय. पत्रिका वाटल्यात. बन्सीभाऊंना मी काय सांगू?"

"कडूबाकाकांनी बोलावलं होतं, हेही मला लिहावं लागेल," मी म्हणाले. "त्याशिवाय बाबा खाली का उतरले ते कळणार नाही."

"तुम्हाला गावात पाय ठेवू देणार नाहीत."

"नाही देणार."

"अहो, पुरे ना आता! गेली माणसं. वडिलांना मातीत तरी शांत पडू द्या."

मी त्यांच्याकडे कोरे कागद मागितले. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, कागद काही दिले नाहीत. टेबलावर त्यांचा फोन वाजायला लागला, आणि पडद्यावर बन्सीकाकांचं नाव होतं. तो वाजून वाजून थांबला, परत वाजायला लागला. मी जिना उतरून खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून चार कोरे कागद आणले, सरांच्या टेबलावरचा आमंत्रणांचा गठ्ठा बाजूला सरकवला आणि लिहायला बसले.